जुनी षटकोनी माशांची टाकी घरी बसवताना

लोकमान्यनगरातील आमच्या ओळखीचे एक काका दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले. सामानाची वाटणी करताना त्यांनी आपली षटकोनी माशांची टाकी आम्हाला दिली. ‘पैसे नकोत, पण रिकामी ठेवू नका,’ एवढीच त्यांची अट होती. टाकी घरी आली त्याच संध्याकाळी आम्ही ती धुतली, नळाच्या पाण्याने भरली आणि सात गप्पी आणून सोडले. आठवड्याभरात सातही मेले. चौथीतल्या आमच्या लेकीने शेवटचा मासा तुळशीच्या कुंडीत पुरला आणि इंदूरहून पुण्याला फोन लावून सांगितले, ‘आजोबा, तुमची टाकी चांगली नाही.’

टाकी चांगलीच होती. घाई आम्ही केली होती. दुसऱ्या वेळी काकांना विचारत विचारत सगळे नीट केले. त्याला दोन महिने लागले. आपल्या सभासदांपैकी अनेकांच्या माळ्यावर अशी एखादी टाकी पडून असेल, म्हणून जे शिकलो ते इथे मांडतो.

आधी मोजमाप

षटकोनी टाकीत पाणी किती मावते, हे डोळ्यांनी कळत नाही. एका बाजूची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी, तिचा वर्ग करावा, त्याला २.६ ने आणि मग पाण्याच्या उंचीने गुणावे. येणाऱ्या संख्येला १००० ने भागले की लिटर मिळतात. आमच्या टाकीची बाजू २२ सेंमी आणि पाण्याची उंची ५५ सेंमी, म्हणजे सुमारे ६९ लिटर. त्यात काच आणि खडी धरली की वजन ९० किलोच्या आसपास जाते, स्टँड वेगळाच. एवढे वजन टीपॉयवर किंवा टीव्हीच्या कपाटावर ठेवण्यासारखे नाही. भक्कम लोखंडी स्टँड हवा, त्यावर टाकीच्या तळाएवढी सपाट फळी आणि फळीवर थर्माकोलचा तुकडा. फळी सर्व बाजूंनी समतल आहे ना, हे गवंड्याच्या लेव्हलने तपासावे. टाकी कलली तर एका बाजूच्या जोडावर जास्त ताण येतो.

गळतीची परीक्षा

चौकोनी टाकीला चार उभे जोड असतात, षटकोनीला सहा. जुनी टाकी महिनोन्महिने कोरडी पडली असेल तर सिलिकॉन कडक होऊन कडेने सुटू शकते. म्हणून घरात बसवण्याआधी टाकी गच्चीत किंवा गॅलरीत समतल जागी ठेवावी, खाली कोरडे वर्तमानपत्र पसरावे आणि एकेक तृतीयांश करत पाणी भरावे. पूर्ण भरल्यावर दोन दिवस तशीच राहू द्यावी. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, त्यामुळे खालचे कोपरे विशेष पाहावेत.

आमच्या टाकीच्या एका कोपऱ्याखालचा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी ओला होता. पहिल्या वेळी स्टँडखाली दिसणारा ओलावा आम्ही फरशी पुसल्याचा समजत होतो! टाकी रिकामी करून वाळवली आणि आतल्या कोपऱ्यांतील सिलिकॉनची पट्टी ब्लेडने पूर्ण खरवडून काढली. जुन्या सिलिकॉनवर नवे नीट चिकटत नाही, त्यामुळे फक्त गळत्या जागी ठिगळ लावून भागत नाही. काच स्पिरिटने पुसून नवे सिलिकॉन भरले. ते माशांच्या टाकीसाठीचेच घ्यावे. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असू शकते आणि ते माशांना घातक ठरते. तीन दिवसांनी व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला, तेव्हा पुन्हा पाणी भरून परीक्षा घेतली. दोन काचांच्या मधल्या जोडातच फट दिसत असेल, तर मात्र टाकी कारागिराकडे न्यावी.

धुणे

साबण, डिटर्जंट लावू नये. काचेवरचे पांढरे डाग बोअरिंगच्या जड पाण्यातील क्षारांचे असतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके अर्धा तास चिकटवून ठेवले की ते सुटतात. बाकीची घासाई जाड मिठाने करावी आणि भरपूर पाण्याने टाकी खळबळून घ्यावी.

उंच टाकीची अडचण

माशांना लागणारा प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून मिसळतो. साधारण एवढेच पाणी मावणाऱ्या ६० बाय ३० सेंमीच्या चौकोनी टाकीचा पृष्ठभाग १८०० चौरस सेंमी असतो. आमच्या षटकोनीचा भरतो १२५० च्या आसपास. म्हणजे लिटर तेवढेच असले तरी मासे कमी ठेवावे लागतात आणि पाणी हलते ठेवावे लागते. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर यासाठी स्वस्त आणि पुरेसा आहे. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटे पंपात येते. विजेची वायर प्लगच्या खाली झोळ पडेल अशी सोडावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत जात नाही. हात पाण्यात घालण्याआधी सगळे प्लग काढावेत. आपल्याकडे थंडीत पाणी बरेच गार होते. एवढ्या टाकीला ७५ ते १०० वॉटचा हीटर चालतो.

पाणी तयार होणे

आमचे मासे बहुधा इथेच गेले. नर्मदेचे नळाचे पाणी क्लोरिन घातलेले असते. ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे किंवा क्लोरिन काढणारे थेंब वापरावेत. पण तेवढ्याने भागत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो कल्ल्यांना जाळतो. मासे वर येऊन तोंड उघडत राहतात, तशी आमची राहत होती. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य. हे जिवाणू स्पंजवर आणि खडीवर वाढतात, आणि नव्याने मांडलेल्या टाकीत ते जवळजवळ नसतातच.

म्हणून या वेळी फिल्टर चालू ठेवून, मासे न सोडता, रोज चिमूटभर खाणे पाण्यात टाकत राहिलो. लेक तपासणी किटमधील रंग पाहून वहीत आकडे लिहायची. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढला, उतरला. दोन्ही शून्यावर यायला पाच आठवडे गेले. ‘रिकामी टाकी काय बघत बसलात?’ असे आजी रोज विचारायच्या.

मासे कोणते

जड पाणी मानवणारे गप्पी आणि प्लॅटी बरे. गप्पी भराभर वाढतात, म्हणून आम्ही फक्त नर घेतले. आधी चार, दोन आठवड्यांनी आणखी चार. झेब्रा डॅनिओला धावायला आडवी जागा लागते आणि गोल्डफिश फार मोठा होतो. दोन्ही या टाकीसाठी नाहीत. खाणे दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. दर आठवड्याला बादलीभर, म्हणजे साधारण पाव हिस्सा पाणी बदलावे. स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा, नाहीतर जिवाणू मरतात.

आठही गप्पी आज तीन महिने ठणठणीत आहेत. मागच्या रविवारी लेकीने काकांना व्हिडिओ कॉलवर टाकी दाखवली. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘डावीकडची खडी जरा उतरती कर, घाण पुढे येईल.’

चालू टाकीतील स्पंजचा तुकडा नव्या टाकीत टाकला तर पाच आठवड्यांची वाट बरीच कमी होते. कुणी सभासद आपली जुनी टाकी पुन्हा मांडणार असतील, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात भेटा. आमच्या टाकीतला तुकडा जरूर देऊ.