आजीची गाणी शाळेत आली

स्कॉटलंड हे नाव तुम्ही कदाचित ऐकले असेल. ब्रिटन नावाचे एक बेट आहे. आपल्यावर ज्यांनी राज्य केले ते इंग्रज त्याच बेटावरचे. त्या बेटाच्या उत्तरेकडच्या भागाला स्कॉटलंड म्हणतात. डोंगर पुष्कळ, पाऊस पुष्कळ आणि थंडी तर विचारूच नका. हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमारासच अंधार पडतो. माणसे मात्र थोडी. सारा देश मिळून सुमारे ५४ लाख. एकट्या मुंबईत याच्या दुपटीहून जास्त माणसे राहतात.

इतक्या दूरच्या मुलखाची हकिकत आम्ही तुम्हाला का सांगतो आहोत? तर तिथे एक नवल घडले. ज्यांतल्या कित्येकांना अक्षर येत नव्हते, ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते, अशा माणसांपाशी देशाचा मोठा ठेवा सापडला. ठेवा सोन्याचा नव्हे. गाण्यांचा आणि गोष्टींचा. तो कसा सापडला आणि शाळेतल्या मुलांपर्यंत कसा पोचला, ते पाहू.

आधी तिथल्या भाषेबद्दल थोडे सांगितले पाहिजे. स्कॉटलंडमध्ये तीन भाषा चालतात. एक इंग्रजी. दुसरी गेलिक, ती मुख्यतः पश्चिमेच्या बेटांवर बोलतात. तिसरी स्कॉट्स. ही स्कॉट्स म्हणजे इंग्रजीची सख्खी बहीण. पुष्कळ शब्द जवळजवळचे. घराला इंग्रजीत 'हाऊस' म्हणतात, तर स्कॉट्समध्ये 'हूस'. काही शब्द मात्र अगदी वेगळे. लेकराला इंग्रजीत 'चाइल्ड', तर स्कॉट्समध्ये 'बेअर्न'. शेतात, बाजारात, चुलीपाशी लोक हीच भाषा बोलत.

पण शाळेत? शाळेत फक्त इंग्रजी. १८७२ साली कायदा झाला, की सगळ्या मुलांनी शाळेत गेलेच पाहिजे. कायदा चांगलाच होता. पण त्या शाळेत घरच्या भाषेला जागा नव्हती. "ही अडाण्यांची बोली, नीट बोल," असे मास्तर म्हणत. पोराच्या तोंडून घरचा शब्द निघाला, की कित्येकदा हातावर चामड्याचा पट्टा बसे. हा पट्टा सरकारी शाळांतून गेला तो १९८७ साली. आता विचार करा. आईच्या तोंडचा शब्द बोलला म्हणून मार खाल्लेले पोर आईचे गाणे चारचौघांत कसे म्हणेल?

आणि गाणी तर किती तऱ्हेची होती! मांडीवर बाळाला घोड्यासारखे नाचवण्याची गाणी. बोटे मोजण्याची गाणी. मुली दोरीवरून उड्या मारीत, त्या उड्यांची गाणी. लढायांची, बुडालेल्या गलबतांची, फसवलेल्या मुलींची लांबच लांब कथागीते. यांतली काही शेकडो वर्षांची जुनी.

एक तऱ्हा तर आपल्या लोकांना लगेच कळेल. स्कॉटलंडच्या ईशान्य भागात मोठमोठे शेतमळे होते. तिथे बिनलग्नाचे गडी कामाला असत. त्यांची नेमणूक सहा महिन्यांची. आपल्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो ना, तसे तिथे सहामाही बाजार भरत. गडी बाजारात उभा राही, शेतकरी येऊन मजुरी ठरवी. मळ्यावर राहायला एक साधी खोली मिळे. तिला 'बॉथी' म्हणत. दिवसभर घोड्यांचा नांगर हाकायचा आणि रात्री त्या खोलीत बसून गाणी म्हणायची. गाण्यांत काय असे? हा मालक चिक्कू आहे. त्याच्याकडची लापशी पातळ आहे. त्याचे घोडे मरतुकडे आहेत. मालकाचे नाव, मळ्याचे नाव, सगळे उघड! पुढच्या बाजारात नव्या गड्याने ते गाणे ऐकले, की तो शहाणा होई. त्या मळ्यावर जायचे की नाही ते ठरवी. आम्हाला ही गाणी फार आवडतात. गरिबाच्या हातात वर्तमानपत्र नव्हते, तर त्याने गाण्याचेच वर्तमानपत्र केले.

ही गाणी लिहून ठेवावीत, असे काही लोकांना फार पूर्वीच वाटले होते. रॉबर्ट बर्न्स हा शेतकऱ्याचा मुलगा. तो १७५९ साली जन्मला आणि अवघी सदतीस वर्षे जगला. घरात आई गाणी म्हणे. नात्यातली एक म्हातारी भुताखेतांच्या गोष्टी सांगे. पुढे तो मोठा कवी झाला. त्याने जुनी गाणी गोळा केली, मोडकी होती ती सांधली, आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत.

त्याच्यानंतर वॉल्टर स्कॉट नावाच्या लेखकाने १८०२ साली कथागीतांचे पुस्तक छापायला सुरुवात केली. त्याची एक मजेदार हकिकत सांगतात. स्कॉटला काही गाणी एका मेंढपाळाच्या आईने दिली होती. पुस्तक पाहून म्हातारी रागावली. तिचे म्हणणे असे, की गाणी म्हणण्यासाठी केलेली असतात, वाचण्यासाठी नव्हे. तुम्ही ती छापली आणि मारून टाकली. शिवाय नीट लिहिलीही नाहीत! म्हातारीचा राग खोटा नव्हता. गाण्याची चाल कागदावर पुरती उतरत नाही. पण आम्हाला वाटते, पुस्तकही हवेच. जी गाणी कोणाच्याच तोंडी राहिली नाहीत, ती पुस्तकामुळेच आज कळतात.

तिसरे नाव एका मास्तरांचे. गॅव्हिन ग्रेग हे खेड्यातले शाळामास्तर. जेम्स डंकन नावाच्या धर्मोपदेशकाला जोडीला घेऊन त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घरोघर जाऊन तीन हजारांहून अधिक गाणी जमवली. ती सगळी छापून व्हायला २००२ साल उजाडले. आठ जाड खंड झाले.

मग १९५१ साल आले. एडिंबरो ही स्कॉटलंडची राजधानी. तिथल्या विद्यापीठात त्या वर्षी एक नवी संस्था निघाली. तिचे काम एकच, लोकांच्या तोंडची गाणी, गोष्टी, चालीरीती गोळा करणे. आता हाताशी टेपरेकॉर्डर आला होता. आवाज जसाच्या तसा धरून ठेवता येऊ लागला. या संस्थेत हॅमिश हेंडरसन नावाचा तरुण होता. महायुद्धात लढून आलेला, स्वतः कवी. त्याला कोणाच्याही पंगतीला बसायला संकोच वाटत नसे. यंत्र घेऊन तो गावोगाव हिंडला.

हिंडता हिंडता त्याची भेट भटक्या लोकांशी झाली.

स्कॉटलंडमध्येही भटके लोक आहेत बरं का. तंबू ठोकायचा, चार दिवस राहायचे, पुढे जायचे. पत्र्याची भांडी करायची, घोड्यांचा व्यापार करायचा, नदीतल्या शिंपल्यांतून मोती काढायचे, हंगामात शेतावर राबायचे, असा त्यांचा धंदा. गावकरी त्यांना चोर समजत. पोलीस त्यांना हाकून लावीत. शाळेत त्यांच्या पोरांना इतर पोरे चिडवीत. सरकारने त्यांना एका जागी डांबण्याचे प्रयोग केले. काहींची मुले काढून नेली. या छळाबद्दल स्कॉटलंडच्या सरकारने त्यांची जाहीर माफी मागितली, ती २०२५ च्या जून महिन्यात.

पण शेकोटीपाशी या लोकांचे गाणे कधी थांबले नव्हते. शाळेचा पट्टा तिथवर पुरा पोचलाच नव्हता! ब्लेअरगाउरी गावाजवळ रास्पबेरी नावाच्या तांबड्या, आंबटगोड फळांचे मळे आहेत. उन्हाळ्यात तोडणीला चहूकडून भटके लोक येत. दिवसा फळे तोडायची आणि रात्री शेकोटीभोवती गाणी. १९५५ च्या सुमारास हेंडरसन तिथे यंत्र घेऊन बसला. या तंबूत एक जुने कथागीत, त्या तंबूत त्याचेच दुसरे रूप. टेप पुरेना, अशी अवस्था झाली. पुस्तकी पंडित म्हणत होते की ही गाणी मेली. इथे तर आयाबाया ती पोरांना झोपवताना म्हणत होत्या.

त्याआधी, १९५३ साली, अ‍ॅबर्डीन शहरात हेंडरसनला जीनी रॉबर्टसन भेटल्या. भटक्या घरातल्या बाई. आईकडून शेकडो गाणी शिकलेल्या. शेजाऱ्यांपलीकडे त्यांना कोणी ओळखत नव्हते. पुढे त्यांचे गाणे ऐकायला देशोदेशीचे लोक येऊ लागले. १९६८ साली त्यांना राणीकडून मानाचे पदक मिळाले.

या लोकांची एक रीत आम्हाला फार मोलाची वाटते. गाणे म्हणण्याआधी ते सांगतात, "हे मी माझ्या आईकडून घेतलं," किंवा "हे आमच्या चुलत्यांचं." ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घ्यायचेच. गोष्ट सांगताना ज्याने ती दिली तो माणूस आपल्या पाठीशी उभा असतो, अशी त्यांची समजूत आहे.

यांतलेच एक डंकन विल्यमसन. जन्म १९२८ साली, समुद्राच्या खाडीकाठी, तंबूत. थंडीच्या रात्री आईबाप आणि आजी गोष्टी सांगत. त्या काळी भटक्यांची पोरे उपाशी झोपायची पाळी कित्येकदा येई, पण बिनगोष्टीची झोपत नसत. डंकन यांना हजारो गोष्टी येत. पुढे त्यांच्या पत्नी लिंडा यांनी त्या टेपवर घेतल्या, लिहून काढल्या. १९८३ साली पहिले पुस्तक निघाले. मग शाळा त्यांना बोलावू लागल्या. ज्या शाळांतून भटक्यांची पोरे अपमान सोसून गेली, तिथेच एक भटका मधोमध बसून गोष्ट सांगतो आणि पोरे श्वास रोखून ऐकतात!

ते सांगत त्यांतली एक जुनी गोष्ट थोडक्यात ऐका. जॅक नावाचा मुलगा आईबरोबर समुद्रकाठी राहतो. एक दिवस आई अंथरुणाला खिळते. जॅक किनाऱ्यावर जातो. समोरून एक म्हातारा येतो. खांद्यावर लांब दांड्याचा विळा.

"कुठं निघालात बाबा?" जॅक विचारतो.

"तुझ्याच घरी. तुझ्या आईला न्यायला आलोय. मी मृत्यू."

जॅक त्याच्यावर झेप घेतो. विळा हिसकावतो, म्हाताऱ्याला बडवत बडवत लहान करतो. शेवटी सुपारीएवढ्या एका पोकळ फळाच्या कवचात त्याला कोंबतो, बूच मारतो आणि समुद्रात फेकतो. घरी येतो तर आई उठून कामाला लागलेली! म्हणते, "भूक लागलीय रे. अंडी कर." जॅक अंडे फोडतो, ते फुटत नाही. कोंबडी कापायला जातो, ती मरत नाही. गाजर चिरायला घेतो, सुरी चालत नाही. गावात खाटीक डोक्याला हात लावून बसलेला. सगळे उपाशी. तेव्हा आई सारे ऐकून घेते आणि म्हणते, "जॅक, तू माझ्या मायेनं केलंस. पण मरण नसेल तर जगणंही चालायचं नाही रे. जा, त्याला सोड." जॅक किनाऱ्यावर दिवसेंदिवस शोधतो. अखेर ते फळ सापडते. मृत्यू बाहेर येतो. तो जॅकला शिक्षा करीत नाही. आईला आणखी पुष्कळ वर्षे देतो.

ही गोष्ट लहान पोरांना सांगावी का? कोणी म्हणेल, मरणाचे बोलू नये. पण ज्या पोराची आजी नुकतीच गेली आहे, त्याला ही गोष्ट काही तरी देते. उपदेश न करता देते.

शहरातली पोरेही कोरडी नव्हती. एडिंबरोच्या एका शाळेतल्या तीन शिक्षकांनी १९५१ च्या सुमारास एक छोटा चित्रपट केला. त्यात काय आहे? गल्लीत खेळणाऱ्या मुली. चेंडू आपटतात, दोरीवर उड्या मारतात आणि गातात. बस, एवढेच. पण त्यांच्या शिक्षकांना हे कळले होते, की मुलांना गाणी शिकवण्याआधी त्यांची गाणी आपण ऐकावीत. नॉर्मन बुकन नावाचे दुसरे शिक्षक. त्यांनी आपल्या शाळेत मुलांची गाण्यांची मंडळी काढली. १९६२ साली त्यांनी १०१ गाण्यांचे खिशात मावेल असे पुस्तक काढले. पुष्कळ तरुण त्यातून शिकले.

आता काय चालते? एडिंबरोच्या मोठ्या रस्त्यावर २००६ सालापासून खास गोष्टी सांगण्यासाठी बांधलेले केंद्र आहे. दर वर्षी मोठा उत्सव भरतो. गोष्टी सांगणारे लोक शाळांत, वाचनालयांत, वृद्धांच्या निवासात जातात. त्यांची पद्धत साधी. पुस्तक हातात धरायचे नाही. मुलांच्या डोळ्यांत पाहून सांगायचे. ध्रुपद आले की सगळ्यांनी म्हणायचे. ज्याला गाता येत नाही त्याने टाळी द्यायची. बर्न्सचा जन्मदिवस २५ जानेवारीला असतो. त्या सुमारास शाळाशाळांतून मुले त्याच्या कविता स्कॉट्स भाषेत म्हणतात. पूर्वी वर्षातला तेवढा एकच दिवस घरच्या भाषेला मोकळीक असे. बाकीचे दिवस पट्टा! आता २०२५ सालच्या कायद्याने स्कॉट्स आणि गेलिक या दोन्ही भाषांना सरकारी मान मिळाला आहे. २०२२ च्या खानेसुमारीत सुमारे पंधरा लाख लोकांनी सांगितले, की आम्हाला स्कॉट्स बोलता येते.

आणि त्या टेपांचे काय झाले? त्या फार वर्षे विद्यापीठाच्या कपाटात होत्या. ज्यांच्या आज्यांनी ती गाणी दिली, त्यांनाच ऐकायची तर राजधानीला जावे लागे. हे काही आम्हाला बरोबर वाटत नाही. २०१० साली त्यांतली हजारो गाणी आणि गोष्टी इंटरनेटवर ठेवल्या. त्या जागेचे स्कॉट्स नाव आहे 'किस्ट ओ रिचेस', म्हणजे धनाची पेटी. कोणीही घरबसल्या फुकट ऐकावे. त्या जुन्या टेपा कोणा मोठ्या सभागृहात भरलेल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात, तंबूत, शेकोटीपाशी भरलेल्या. म्हणून गाण्याच्या मधेच कुत्रे भुंकते, पोर रडते, कोणी तरी खोकते. बाई कडवे विसरते, थांबते, आठवून पुन्हा उचलते.