आपल्या ताटात कोण वाढते?

लठ्ठपणा हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विनोदाचा विषय राहिला. नाटकातला शेटजी आणि सिनेमातला हवालदार जाड असला की निम्मे हशे आपोआप वसूल होत. जाड माणसाला उपदेश करण्याचा अधिकारही ज्याला त्याला असतोच. 'जरा जिभेवर ताबा ठेवा' हे वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आणि वाचत आलो आहे. त्यामागचे गृहीतक असे, की वजन ही ज्याची त्याची खासगी बाब आहे. सरकारचा तिथे काय संबंध? माझे म्हणणे नेमके उलट आहे. आपल्या ताटात काय पडावे हे सरकार फार पूर्वीपासून ठरवत आले आहे. ते ठरवताना आपल्या प्रकृतीचा विचार होतो का, एवढाच खरा प्रश्न आहे.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये १५ ते ४९ वयोगटातल्या शंभरातल्या सुमारे १३ स्त्रिया आणि ९ पुरुष जादा वजनाचे होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे आकडे २४ आणि २३ वर गेले. त्याच पाहणीत पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर सांगितली. पंधरा वर्षांत कोट्यवधी माणसांचा संयम एकाएकी सुटला असे मानायचे काय? माणसे तीच होती. त्यांच्याभोवतालचा बाजार बदलला.

उपासमार आणि लठ्ठपणा ही दोन टोके आहेत, एक झोपडीतले आणि दुसरे बंगल्यातले, असा आपला समज असतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने त्याला छेद दिला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांच्या गटाने गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांहून जवळजवळ पाऊण किलोने हलकी होती. पण वजन कमी असूनही त्यांच्या अंगातील चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. स्नायू मात्र कमी होते. दिसायला किडकिडीत, आतून स्थूल. अशा शरीराला पुढे स्वस्त तेल, मैदा आणि साखर मिळाली की मधुमेहाची वाट सोपी होते. याचा अर्थ एवढाच, की वजनाचे धोरण व्यायामशाळेत सुरू होत नाही, ते गरोदर बाईच्या ताटात सुरू होते.

आता हे ताट कोण वाढते ते पाहू. माझ्या आजोळी, सोलापूर जिल्ह्यात, ज्वारीची भाकरी रोजची आणि गव्हाची पोळी सणाची. हा क्रम उलटला तो केवळ कुणाच्या जिभेच्या लहरीने नव्हे. हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी झाली ती मुख्यतः गव्हाची आणि तांदळाची, आणि रेशनवर तेच आले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य १ रुपया किलोने देण्याची तरतूद होती. दुकानात मात्र बहुतांशी गहू-तांदूळच मिळाला. उसाला कायद्याने ठरलेला दर मिळतो. डाळींनाही हमीभाव जाहीर होतो, पण सरकार तो देऊन माल उचलेलच याची शाश्वती शेतकऱ्याला फारशी कधी वाटली नाही. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आपण आयातीने भागवतो, त्यात मोठा वाटा पामतेलाचा. ते किती स्वस्त पडावे हे आयातशुल्क ठरवते. ही सारी धोरणेच आहेत. ती भुकेविरुद्ध आखली गेली आणि त्या काळी ती आवश्यकही होती. पण पोट भरणे म्हणजे पोषण नव्हे.

इतर देशांनी काय केले? मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून साखरयुक्त पेयांवर लिटरमागे १ पेसो कर बसवला. पहिल्या वर्षी त्यांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, संपृक्त चरबी वा उष्मांक जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी इशारा सक्तीचा केला, त्यांवरची मुलांना भुलवणारी कार्टूनचित्रे काढायला लावली आणि शाळांतून हे पदार्थ हद्दपार केले. इशारा लागलेल्या पेयांची खरेदी सुमारे चतुर्थांशाने घटली. ब्रिटनने एप्रिल २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार चढता कर लावला. तो लागू होण्याआधीच अनेक कंपन्यांनी पेयांतील साखर कमी केली. डेन्मार्कची गोष्ट वेगळी. तिथे २०११ मध्ये चरबीवर कर आला, लोक लोण्यासाठी सीमेपलीकडे जाऊ लागले आणि जानेवारी २०१३ पासून कर रद्द झाला. एका कराने कोणताही देश सडपातळ झालेला नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पण सवयी हलतात, आणि कारखानदार तर त्याहून लवकर हलतो.

आपल्यालाही हे जमते. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट हृदयाला घातक. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ मध्ये २ टक्क्यांवर आणली. त्यासाठी कुणा गृहिणीला उपदेश करावा लागला नाही. केरळने २०१६ मध्ये नामांकित साखळी उपाहारगृहांतील बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के कर लावला होता. वर्षभरात जीएसटी आला आणि तो संपला. सप्टेंबर २०२५ मध्ये वायुयुक्त शीतपेयांवर जीएसटीचा ४० टक्के दर आला, पण बाटलीत साखर किती याच्याशी त्या दराचा संबंध नाही; मग कंपनीने साखर कमी का करावी? त्याच फेररचनेत बिस्किटे, नूडल्स, चॉकलेट आणि पाकिटातले फरसाण ५ टक्क्यांवर आले. एका हाताने बाटली महाग ठेवायची आणि दुसऱ्याने पाकीट स्वस्त करायचे! पाकिटावरील इशाऱ्याचेही तसेच. २०२२ च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी तारे सुचवले गेले. तारा म्हणजे शाबासकी. दोन तारे मिळालेला पदार्थही पालकाला बरा वाटणार. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या कामासाठी तीन महिन्यांची मुदत घालावी लागली.

महाराष्ट्रात हा विषय काढला की साखर कारखाना आठवतोच. उसावर लाखो घरे जगतात आणि त्यांना वाऱ्यावर सोडून कोणतेही आरोग्यधोरण टिकणार नाही. म्हणूनच उसाच्या फडातून ज्वारी, तूर, करडईकडे वळणाऱ्या शेतकऱ्याला उसाइतकीच खात्रीची खरेदी मिळाली पाहिजे आणि तो माल रेशनवर व शाळेच्या खिचडीत गेला पाहिजे. वडापावच्या गाडीवर धाड घालणे म्हणजे आरोग्यधोरण नव्हे. गरिबाचे स्वस्त खाणे महाग करायचे असेल, तर त्याआधी चांगले खाणे स्वस्त करावे लागते.

इथे आपली कसोटी लागते. राज्याने २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी थांबवण्यात आला. हवे तर लोकवर्गणीतून द्या, असे शाळांना सांगितले गेले. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट आणि तेलकट पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० पासून आहे. आपल्या गावातल्या एखाद्या शाळेसमोर मधल्या सुट्टीत उभे राहून वाचकांनी तो पाहावा. आत अंडे नाही आणि बाहेर पाच रुपयांचे पाकीट आहे, अशा जागी उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलाला जिभेवर ताबा ठेवायला सांगणारे आपण कोण?

खाण्याचे स्वातंत्र्य मलाही प्रिय आहे. पण निवड करायला समोर दोन गोष्टी असाव्या लागतात, त्यांतल्या प्रत्येकीत काय आहे ते कळावे लागते आणि बरी असलेली गोष्ट खिशाला परवडावी लागते. एवढे करणे सरकारचे काम आहे. त्यानंतरचा घास ज्याचा त्याचा.