शाळेच्या गच्चीवरचं पाणी कुठे मुरतं?

500 चौरस मीटरच्या गच्चीवर 25 मिलिमीटरची एक दमदार सर आली, की गळती आणि बाष्पीभवन वजा जाता 10,000 लिटर पाणी सहज खाली येतं. शाळेच्या अंगणाखाली तेवढीच टाकी बांधली असेल, तर ती त्या एका सरीत तुडुंब. पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे हीच गच्ची पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी देते. टाकीतलं पाणी रोज संडासाला, झाडांना वापरलं तरी उरलेलं गटारात जातं. ते जमिनीत जिरवायचं म्हणून मग खड्डा खणतात, बहुतेकदा मैदानाच्या मोकळ्या कोपऱ्यात, खाली काय आहे ते न बघता.

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग बेसॉल्टचा. त्यावरची काळी माती ओली झाली की फुगते, तिच्या भेगा बुजतात आणि खड्ड्याचं डबकं होतं. डासांची सोय उत्तम! खड्डा माती ओलांडून मुरमात उतरायला हवा. मुरमाखाली भेगाळलेला खडक असेल तर पाणी खोल जातं; अखंड पाषाण लागला तर आडवं सरकून एखाद्या शेजाऱ्याच्या विहिरीत निघतं. शाळेच्या बोअरची पातळी तेव्हा वाढेलच असं नाही. गावाला पाणी मिळालं म्हणून शाळेने कुरकुर करू नये, असं मला वाटतं.

पन्हाळीचा पाइप थेट बोअरमध्ये सोडणं मात्र घातक. गाळ खडकाच्या बारीक भेगांत एकदा बसला की निघणं कठीण. म्हणून मध्ये मोठे दगड, वर खडी आणि सर्वांत वर वाळू असा गाळणखड्डा हवा. दोन-तीन पावसाळ्यांनी त्या वाळूवर बोटभर गाळाचा थर जमतो, वाळला की त्याचे पापुद्रे सुटतात. खुरप्याने तेवढा थर काढला की पाणी पुन्हा झरझर उतरतं. अंगणातलं, संडासाजवळचं पाणी इकडे आणूच नये.

वर्षाच्या पहिल्या पावसात गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची विष्ठा वाहून येते, ते पाणी झडप उघडून बाहेर सोडायचं असतं. पण वळीव येतो मे महिन्यात, शाळेला कुलूप असताना. त्यामुळे वार्षिक परीक्षा संपताच वाळू साफ करावी आणि झडप बाहेरच्या बाजूला उघडी ठेवूनच सुट्टीवर जावं.