भंगाराचे मोल आणि नावाची किंमत

रविवारी सकाळी रद्दीवाला दारात येतो, तेव्हा मराठी मध्यमवर्गीय घरात एक छोटासा व्यवहार घडतो. गृहिणीची करडी नजर काट्यावर असते, किलोमागे एखादा रुपया वाढवून मिळावा म्हणून घासाघीस होते आणि अखेर महिन्याभराच्या वर्तमानपत्रांचे चार पैसे घरात येतात. ज्याला वस्तू नको आहे त्याने पैसे घ्यायचे आणि जो ती उचलून नेतो त्याने ते द्यायचे, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती जगभर अशीच असावी असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेत किंवा कॅनडात मोडका सोफा, जुनी गादी, बंद पडलेला फ्रीज घराबाहेर काढायचा, तर बहुधा घरमालकालाच पदरचे पैसे मोजावे लागतात. मजुरी महाग, घरे मोठी आणि जुन्या सामानाला गिऱ्हाईक नाही, म्हणून हा उलटा रिवाज. त्यातूनच तिकडे एक भरभक्कम धंदा उभा राहिला.

त्याची सुरुवात मोठी गमतीची आहे. 1989 साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरात ब्रायन स्कुडामोर नावाच्या एका तरुणाने अडगळ वाहून नेणारा एक जुनाट ट्रक पाहिला आणि शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी 700 डॉलरला तसाच एक जुना ट्रक विकत घेतला. पुढे शिक्षण सुटले, ट्रक मात्र राहिला. 1998 साली त्याने धंद्याचे नाव बदलून टेलिफोनचा क्रमांक हेच नाव केले, 'वन-एट-हंड्रेड-गॉट-जंक', आणि 1999 पासून इतरांना फ्रँचाइझी, म्हणजे ठराविक मुलखात त्या नावाने व त्या पद्धतीने धंदा करण्याचा हक्क, देण्यास प्रारंभ केला. धुतलेला ट्रक, गणवेशातील हमाल, फोन करताच ठरणारी वेळ. अडगळ उचलण्याच्या कामात नवे असे काहीच नव्हते. नवी होती ती अनोळखी माणसाला घरात घेताना वाटणारी निर्धास्तता. फ्रँचाइझी घेणारा पैसे मोजतो ते या निर्धास्ततेचे.

या धंद्याचे गणित बाहेरून दिसते त्याहून निराळे आहे. गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले जातात ते ट्रकचा किती भाग भरला यावर, म्हणजे आकारमानावर. उलट कचरा-डेपोवर माल टाकताना सामान्यतः वजनावर आकार द्यावा लागतो. नफा या दोहोंच्या मधल्या फटीत असतो. गाद्या आणि खोकी ट्रक लवकर भरतात, पण काट्यावर हलकी ठरतात. माती, विटा, काँक्रीट यांनी ट्रकचा तळही झाकत नाही आणि डेपोचे बिल मात्र फुगते. म्हणून अशा जड मालाचा दर बहुधा वेगळा सांगितला जातो. शिवाय जे डेपोवर न नेता विकता येईल, दुरुस्त होईल किंवा दान देता येईल, तेवढे बिल वाचते. पुनर्वापराचे पुण्य आणि वाचलेला पैसा येथे एकाच वाटेने चालतात, हे या धंद्याचे भाग्यच म्हणायचे.

पण या साऱ्यावर कंपनीची देणी असतात. आरंभी एकरकमी शुल्क आणि मग दरमहा स्वामित्वशुल्क. हे शुल्क सर्वसाधारणपणे विक्रीवर आकारले जाते, नफ्यावर नव्हे. महिना तोट्यात गेला तरी ते चुकत नाही. अमेरिकेत अशा व्यवहारात अनेकजण नागवले गेल्यावर तेथील संघीय व्यापार आयोगाने 1978 साली नियम केला. करारावर सही होण्यापूर्वी किमान 14 दिवस कंपनीने आपली माहितीपुस्तिका खरेदीदाराच्या हाती ठेवली पाहिजे, अशी आजची तरतूद आहे. कंपनीवरील खटले, बंद पडलेल्या शाखा, सोडून गेलेल्या शाखाधारकांशी संपर्क कसा साधावा, हे सारे त्यात असते. चतुर खरेदीदार तीत प्रथम काय वाचतो? सोडून गेलेल्यांची यादी.

भारतात फ्रँचाइझीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. 1872 च्या करार कायद्यावरच मुख्यतः भिस्त ठेवावी लागते. एक दिलासा मात्र त्या जुन्या कायद्यात आहे. करार संपल्यावर अमुक वर्षे हा धंदाच करू नये, असे कलम कंपनीने घातले, तरी सत्ताविसाव्या कलमान्वये ते सहसा टिकत नाही. भंगार गोळा करणाऱ्या कंपन्या आता आपल्याकडेही निघाल्या असून काही फ्रँचाइझी देऊ करतात. निवृत्त शिक्षकाच्या भविष्यनिर्वाह निधीकडे किंवा पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलाच्या बापाच्या ठेवीकडे त्यांचे लक्ष गेले नाही, तरच नवल.

तेव्हा प्रश्न एवढाच की, पैसा येणार कोठून? तिकडे तो घरमालकाच्या खिशातून येतो. येथे घरमालक पैसे मागतो, त्यामुळे सारा भरवसा मालाच्या भावावर, आणि भाव कोणाचाच मिंधा नाही. 2008 च्या मंदीत जुना कागद व धातू यांचे दर अल्पावधीत कोसळले. 2018 साली चीनने परदेशी प्लॅस्टिक आणि न निवडलेला कागद घेणे थांबवले, तेव्हा अमेरिकेतील कित्येक नगरपालिकांना ज्या मालाचे पैसे मिळत होते तोच माल उचलायला पैसे मोजावे लागले. जुने संगणक, टीव्ही यांतून धातू काढू म्हणावे, तर नोंदणी केलेल्या केंद्रांखेरीज ते काम कोणालाही करता येत नाही.

आणि येथे हा मुलूख मोकळा नाही. पुण्यात 1993 साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव तिच्या उभारणीत अग्रभागी होते. पुढे कचरावेचक महिलांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. दारोदार फिरून कचरा घेणारी महिला घरामागे दरमहा ठराविक शुल्क घेते, सुका कचरा निवडते आणि तो विकून उरलेले पोट भरते. हे दुसरे उत्पन्न वरकड नव्हे, तेच तिच्या मजुरीला माणुसकीचा आकार देते. एखाद्या सोसायटीने सुक्या कचऱ्याचा ठेका गणवेशधारी कंपनीला दिला, की बाईच्या वाट्याला उरतात खरकटे आणि डायपर. 2016 च्या केंद्रीय नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले होते. सोसायटीच्या सभेत ते आठवण्याचे काम सहसा कोणी करीत नाही.

तरीही नव्या माणसाला येथे जागाच नाही, असे म्हणता येणार नाही. प्लायवुडचा फुगलेला सोफा, कापसाऐवजी फोम भरलेली गादी, थर्मोकोल यांना भंगारवालाही हात लावीत नाही, आणि सदनिकांच्या जिन्याखाली त्यांचे ढीग साचत आहेत. त्यासाठी पैसे द्यायला माणसे हळूहळू तयार होत आहेत. मजूर परवडतील, टाकायला अधिकृत जागा मिळेल आणि सुक्या कचऱ्यावरचा कचरावेचकांचा हक्क शाबूत राहील, अशा बेताने कोणी हे काम अंगावर घेतले, तर धंदा होण्यासारखा आहे. मात्र त्याला परक्याचे नाव विकत घेण्याची गरज आहे का, हे ठरवण्यापूर्वी त्याने महिनाभर एखाद्या भंगाराच्या वखारीत काट्याजवळ बसून यावे. तेथे शुल्क नाही. चहा मात्र सांगावा लागतो.