शोधयंत्र आणि नकाराचा हक्क

माहितीची वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती माणसाचा बराचसा निर्णयही असतो, ही गोष्ट कामगार चळवळीला नवी नाही. पूर्वी हा प्रश्न वर्तमानपत्रांच्या मालकीपुरता होता. आज तो शोधयंत्रापाशी येऊन ठेपला आहे. आमचे शिक्षण संघटनेच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा यंत्रविद्येची परिभाषा बाजूस ठेवून, सामान्य माणसाच्या बाजूने या प्रश्नाचा विचार येथे करीत आहोत. प्रश्न साधा आहे. एखादे संकेतस्थळ आपल्या उपयोगाचे नाही, उलट फसवे आहे, असे एकदा कळल्यावर ‘हे मला पुन्हा कधीही दाखवू नका’ असे शोधयंत्राला बजावण्याचा अधिकार आपणांस असावा की नाही?

प्रथम शोधयंत्र काय करते ते पाहू. जगातील असंख्य पाने ते आधीच वाचून ठेवते, त्यांची सूची करते आणि आपण शब्द टाकला की त्या सूचीतून निवडून एक रांग लावते. रांगेत पुढे कोण आणि मागे कोण, हे यंत्राचे नियम ठरवितात. नाक्यावर मुकादम ज्यांना पुढे उभे करतो त्यांनाच काम मिळते. तसेच हे आहे. मात्र या मुकादमाला पैसे आपण देत नाही, जाहिरातदार देतो. त्यामुळे त्याचे कान कोणाकडे असणार, हे सांगावयास नको.

चुडाव्यासारख्या गावाचे उदाहरण घेऊ. येथील माणूस पूर्णेला नाहीतर नांदेडला रेल्वेने कामाला जातो. बांधकामावर मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केले असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्याला नोंदणी करता येते. तो मोबाइलवर शोध घेतो. मंडळाच्या स्थळाबरोबर त्याच विषयावरची कितीतरी खासगी पाने समोर येतात. काहींत जुनीच माहिती फिरवून लिहिलेली असते, काहींत जाहिरातीच अधिक, तर काही सरळ फोन क्रमांक मागतात. सातबारा काढणाऱ्या शेतकऱ्याची आणि भविष्यनिर्वाह निधी पाहणाऱ्या कामगाराची अवस्था निराळी नाही. सरकारी स्थळाच्या पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ ही अक्षरे पाहावीत असे आपण सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या मंडळाच्या पत्त्यात ‘महाबीओसीडब्ल्यू डॉट इन’ एवढेच आहे! तेव्हा केवळ अक्षरांवरून खरेखोटे ठरत नाही. अनुभवाने ठरते, आणि तो अनुभव साठवून ठेवण्याची सोय मात्र यंत्रात नाही. आज नाकारलेले पान उद्या पुन्हा पुढे येते.

ही सोय अशक्य आहे काय? मुळीच नाही. गूगलनेच ती देऊन पाहिली आहे. २००८ च्या नोव्हेंबरात ‘सर्चविकी’ नावाची सोय आली. तीत आपल्यापुरता एखादा निकाल वर नेता येई वा काढून टाकता येई. २०१० साली ती बंद झाली. फेब्रुवारी २०११ मध्ये क्रोम ब्राउझरसाठी नकोशा स्थळांच्या वैयक्तिक यादीचे एक पूरक निघाले आणि मार्चमध्ये खुद्द शोधाच्या पानावरच स्थळ बंद करण्याचा दुवा आला. ५०० पर्यंत स्थळे बंद करता येत. त्याच फेब्रुवारीत कंपनीने निकृष्ट पानांना मागे ढकलणारा नवा नियम लागू केला. लोकांनी सर्वाधिक बंद केलेल्या काही डझन स्थळांपैकी ८४ टक्के स्थळांना या नियमाचा फटका बसला, असे कंपनीनेच जाहीर केले. म्हणजे सामान्य माणसाचा नकार आणि तज्ज्ञांचा हिशेब बव्हंशी जुळला. असे असूनही ही सोय पुढे काढून घेण्यात आली. दान म्हणून मिळालेली वस्तू दात्याच्या मर्जीने परत जाते. हक्क म्हणून मिळालेली तशी जात नाही. हा धडा आपण बोनसच्या प्रश्नावर फार पूर्वी शिकलो आहोत.

आज मार्ग आहेत, पण प्रत्येकाला कुंपण आहे. शोधशब्दांपुढे वजाचे चिन्ह, त्याला चिकटून इंग्रजीत ‘साइट’, मग कोलन व पत्ता असे लिहिले, तर ते स्थळ वगळले जाते. पण तेवढ्या एका शोधापुरतेच. ‘युब्लॅकलिस्ट’ हे मोफत पूरक यादी कायम ठेवते. निकाल आपल्या यंत्रावर आले की ते प्रत्येक दुव्याचा पत्ता यादीशी ताडून पाहते आणि जुळणारा दुवा झाकते. परंतु अँड्रॉइड मोबाइलवरच्या क्रोममध्ये अशी पूरके चालत नाहीत. फायरफॉक्समध्ये पूरके घेता येतात. ज्याचा मोबाइल हाच एकमेव संगणक, त्याला ही अडचण फार मोठी आहे. ‘कागी’ नावाचे शोधयंत्र स्थळे कायमची बंद करू देते, पण त्याची वर्गणी डॉलरमध्ये भरावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने भारतात व अमेरिकेत बातम्यांसाठी आवडती स्थळे निवडण्याची सोय दिली. आवड विचारली, नावड विचारली नाही.

कायद्याने काय होऊ शकते याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. नकोशा जाहिरात-फोनांविरुद्ध २००७ साली राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि २०११ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे अधिक कडक नियम लागू झाले. १९०९ वर कळविले की आपला नकार नोंदला जातो, आणि तो पाळणे कंपन्यांवर बंधनकारक ठरते. लबाड माणूस साध्या क्रमांकावरून फोन करतोच, हे खरे. तसाच बंद केलेला ठग नव्या पत्त्याने परत येईल. पण चोर संपत नाहीत म्हणून कोणी कडी लावावयाचे सोडीत नाही. शोधयंत्रालाही कायदा लागू होतो. शोधनिकालांत पक्षपात केल्याबद्दल स्पर्धा आयोगाने ८ फेब्रुवारी २०१८ रोजी गूगलला १३५.८६ कोटी रुपये दंड केला होता.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. नको ते बंद करण्याची सवय लागली, तर माणूस आपल्या मताविरुद्धचे सारेच बंद करील. हा धोका आहे, आणि तो कोणत्याही यंत्राने टळणार नाही. त्यावर वाचनाची शिस्त हाच उपाय. फसवे पान बंद करावे, विरोधी मताचे पान उघडे ठेवावे. मालकाचे म्हणणे न वाचता वाटाघाटीला बसणारा पुढारी हरतो! शिवाय येथे एक भेद विसरू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली सरकार जेव्हा स्थळ बंद करते, तेव्हा ते साऱ्या देशाला बंद होते. आपण म्हणतो तो नकार स्वतःपुरता आहे. स्वतःच्या घराचे दार लावणे निराळे आणि गावाची वेस बंद करणे निराळे.

एकट्याची यादी अपुरी पडते, हेही खरे. एकाने तयार केलेली यादी दुसऱ्याने वापरण्याची सोय युब्लॅकलिस्टमध्ये आहे. गावचे वाचनालय, शाळा किंवा कामगार संघटना अशी यादी ठेवू शकेल. मात्र ती उघडी असावी, प्रत्येक नावापुढे कारण असावे आणि कोणालाही तीतून नाव वगळण्याची मागणी करता यावी. नाहीतर एका मुकादमाच्या जागी दुसरा मुकादम एवढाच फरक होईल.

तोवर निदान एवढे करावे. कामाच्या सरकारी स्थळांचे पत्ते एकदा खात्री करून वहीत लिहून ठेवावेत आणि शोध न घेता थेट तेथेच जावे. पैशाची फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० वर कळवावे. आणि शोधयंत्रात नकाराची कायम सोय असावी, ही मागणी ग्राहक म्हणून एकत्र येऊन करावी. एकट्याने केलेली तक्रार फायलीत जाते. हजारांनी केलेली मागणी टेबलावर येते.