कुष्ठरोगाचे ‘निर्मूलन’ झाले, मग नवे रुग्ण कुठून येतात?

पाठीवर किंवा दंडावर फिकट, लालसर चट्टा उठतो. खाज नाही, दुखणं नाही. ‘नायटा असेल, मलम लावू’ म्हणत माणूस कामाला लागतो. पुढे कधीतरी गरम भांडं उचलताना हात भाजतो आणि ते कळतही नाही. कुष्ठरोग असा न दुखता वाढतो, म्हणूनच तो उशिरा सापडतो.

पण हा रोग तर देशातून गेला ना? अनेकांचा हा समज ‘निर्मूलन’ या शब्दामुळे झाला आहे.

डिसेंबर 2005 मध्ये भारताने ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या’ म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. त्याचा अर्थ एवढाच, की दर 10 हजार लोकांमागे उपचाराखालील रुग्णांचे प्रमाण एकापेक्षा कमी झाले. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 48 लाख होती. म्हणजे एवढ्या मोठ्या जिल्ह्यात एका वेळी 475 रुग्ण उपचार घेत असले, तरी कागदावर निर्मूलन झालेलेच असते!

नारूचे तसे नव्हते. पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा तो जंत खरोखरच संपला आणि 2000 साली भारत नारूमुक्त ठरला. कुष्ठरोगाचे मात्र आजही वर्षाला सुमारे 1 लाख नवे रुग्ण देशात सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातलेच असतात. आता 2027 पर्यंत रोगाचा प्रसारच थांबवायचा, असे केंद्राचे उद्दिष्ट आहे.

अडचण कुठे आहे?

जंतू शरीरात गेल्यापासून लक्षणे दिसायला सरासरी 5 वर्षे लागतात, कधी 20 वर्षेही. त्यात लोकलाज. ‘महारोग’, ‘रक्तपिती’ हे शब्द कानावर पडले की घरचेही गप्प बसतात. कायद्यानेही बराच काळ हीच नजर ठेवली. रुग्णांना वेगळे ठेवण्याचा 1898 चा इंग्रजी अमदानीतला कायदा 2016 मध्ये रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद तर 2019 पर्यंत होती.

खरे पाहता हा रोग आनुवंशिक नाही. हात मिळवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो होत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ आणि जवळच्या सहवासात, नाका-तोंडातून उडणाऱ्या तुषारांवाटे तो पसरतो. बहुतेकांच्या शरीरात त्याला रोखण्याची ताकद असते. औषध सुरू झाले की रुग्णापासून होणारा संसर्ग लवकरच थांबतो.

उपचार आहे, आणि तो मोफत आहे

बहुविध औषधोपचाराच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. साधारणपणे 5 पर्यंत चट्टे असतील तर 6 महिने, जास्त असतील तर 12 महिने. घरातल्या आणि शेजारच्या लोकांना तपासणी करून रिफाम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोसही दिला जातो.

सीमाभागात कोडं वेगळंच असतं. ऊसतोडीला, बांधकामाला, गोव्यात हॉटेलच्या कामाला माणसं राज्य ओलांडून जातात आणि गोळ्या मध्येच सुटतात. पण हा कार्यक्रम देशभराचा आहे. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, कुठेही हेच औषध मोफत मिळते. गाव सोडण्याआधी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगावे, उपचाराचे कार्ड सोबत ठेवावे आणि पोहोचल्यावर तिथल्या केंद्रात दाखवावे.

गोळ्यांनी जंतू मरतात. पण उशीर झाला तर वाकडी झालेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत. तिथे व्यायाम आणि शस्त्रक्रियेचा आधार घ्यावा लागतो, आणि मेलेली संवेदना बहुधा परत येत नाही.

म्हणून चट्ट्यावर टोचलेलं, भाजलेलं कळत नसेल, तर ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ म्हणू नका. या रोगात न दुखणं हेच लक्षण आहे.