उहुद : पराभवाची झाडाझडती

(लेखांक सहावा)

मागच्या लेखांकात बद्रची लढाई पाहिली. सन ६२४ मध्ये तीनशेच्या आसपास मुसलमानांनी हजारभर कुरैशांना हरवले होते. वर्षभरात, हिजरी ३ च्या शव्वाल महिन्यात, सूड घ्यायला कुरैश तीन हजार माणसे आणि दोनशे घोडे घेऊन मदीनेवर चालून आले. या वेळी पारडे फिरले. मुसलमानांकडचे सुमारे ७० जण मारले गेले. त्यांत प्रेषितांचे चुलते हजरत हमजा होते. खुद्द प्रेषितांचा दात तुटला, शिरस्त्राणाच्या कड्या गालात रुतल्या.

ठेच लागल्यावर माणसाने काय करावे, हे इस्लामच्या अंगाने समजून घ्यायचे असेल तर सब्राच्या (धीराच्या) बोधकथांआधी उहुद वाचावा, असे माझे मत आहे. सूरह आलि इमरानमध्ये १२१व्या आयतीपासून पुढे साठएक आयती मुख्यतः या एका दिवसाचा हिशेब मांडतात. आणि हिशेब मांडताना आपल्याच माणसांची भीड धरत नाहीत.

चूक कुठे झाली, हे सर्वांना ठाऊक असते. उहुद डोंगरासमोरच्या लहानशा टेकडीवर प्रेषितांनी ५० तिरंदाज बसवले होते, अब्दुल्लाह बिन जुबैर यांच्या हाताखाली. हुकूम साफ होता : आमच्यावर पक्षी तुटून पडताना दिसले तरी बोलावल्याशिवाय जागा सोडायची नाही. सुरुवातीला कुरैश मागे हटले. खाली गनीमतीचा माल गोळा होऊ लागला, आणि वरच्यांना वाटले, आता लढाई संपली. अब्दुल्लाह अडवत राहिले, पण बहुतेक जण उतरले. खालिद बिन वलीद तेव्हा कुरैशांच्या घोडदळाचे सरदार होते. मोकळी बाजू त्यांनी हेरली आणि ते मागून चालून आले. टेकडीवर उरलेले मोजके लोक अब्दुल्लाहसह तिथेच शहीद झाले.

जुम्याच्या बयानात ही गोष्ट बहुधा इथेच संपते : हुकूम मोडला, शिक्षा झाली. मला ती अर्धीच वाटते. पुढचा भाग पाहिला नाही तर उहुद म्हणजे नुसता आज्ञापालनाचा पाठ होऊन बसतो.

पराभवानंतर मदीनेत दोन प्रकारचे बोलणे सुरू झाले. पहिले गोंधळलेल्यांचे : आपण सत्याच्या बाजूने असताना हे झालेच कसे? त्याला कुरआनने दिलेले उत्तर चटका लावणारे आहे : हे तुमच्याच हातून झाले. त्याआधी कारणेही येतात. धीर सुटला, आपसात वाद झाले, काहींचा डोळा दुनियेवर होता. दैवावर ढकलून मोकळे होण्याची सोय ठेवलेली नाही.

दुसरे बोलणे वेगळे होते. लढाईआधी मसलत झाली होती. शहरातच राहून लढावे, असा प्रेषितांचा स्वतःचा कल होता. पण बद्र हुकलेल्या तरुणांना बाहेर पडायचे होते. त्यांचा आग्रह पाहून प्रेषित चिलखत चढवून निघाले. वाटेतच, शहरात थांबावे म्हणणारा अब्दुल्लाह बिन उबैय तीनशे माणसे घेऊन परत फिरला, आणि नंतर असली मंडळी म्हणू लागली : आमचे ऐकून घरी बसले असते तर मेले नसते. हे ‘असते तर’ कुरआन कडक शब्दांत झिडकारतो. सहीह मुस्लिममध्ये याच अर्थाची हदीस आहे : संकट आल्यावर जर-तर करत बसू नये, त्याने सैतानाला वाट मिळते.

वरवर पाहता दोन्ही चौकशाच. पण पहिली विचारते, माझे काय चुकले? तिच्यातून उद्यासाठी काही हाती लागते. दुसरीतून लागतो तो फक्त हळहळीचा सूर, आणि बऱ्याचदा दुसऱ्याकडे दाखवलेले बोट. घरात व्यवहार बुडाला, लग्न मोडले, की आपण कोणती चौकशी जास्त वेळ चालवतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता १५९वी आयत. पळालेल्यांना, टेकडी सोडणाऱ्यांना आता बाजूला सारावे, असे कुणालाही वाटले असते. आयत प्रेषितांना सांगते : त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी क्षमा मागा, आणि कारभारात त्यांचा सल्ला घेत राहा. सल्ल्याने घेतलेला निर्णय नुकताच अंगाशी आला होता, तरी शूरा, म्हणजे सल्लामसलत, रद्द होत नाही. उलट तिची ताकीद तेव्हाच येते. चूक टेकडी सोडण्याची होती, विचारून निर्णय घेण्याची नव्हती. इतकी नेमकी फोड पराभवाच्या संतापात फार थोड्यांना जमते.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असे आपण म्हणतो. बुखारी आणि मुस्लिम यांच्यातली हदीस स्वतःच्या ठेचेबद्दल आहे : मोमिनाला एकाच बिळातून दोनदा दंश होऊ नये. मदीनेने हे किती मनावर घेतले, ते दोन वर्षांनी दिसले. सन ६२७ मध्ये सुमारे दहा हजारांची फौज आली तेव्हा मुसलमान शहरातच थांबले. बहुतेक बाजूंनी लाव्ह्याचे खडकाळ पट्टे, दाट बागा आणि घरे होती. उत्तरेची बाजू तेवढी उघडी. तिथे खंदक खणावा, ही सूचना सलमान फारसी यांची, इराणी युद्धरीतीतली. अरबांना ती नवीन होती. खालिद याही वेळी समोर होते, पण घोड्यांना खंदक ओलांडता येईना.

सल्ल्याची ती ताकीदही तेव्हा पाळली गेली. वेढा लांबला तेव्हा वेढ्यात सामील असलेल्या गतफान टोळीला मदीनेच्या खजुराचा तिसरा हिस्सा देऊन परत पाठवावे, असे प्रेषितांच्या मनात आले. त्यांनी मदीनेतल्या औस आणि खजरज या टोळ्यांच्या प्रमुखांना, साद बिन मुआज आणि साद बिन उबादा यांना बोलावले. साद बिन मुआज यांनी विचारले : हा अल्लाहचा हुकूम आहे की आमची काळजी म्हणून तुम्ही हे करता आहात? काळजी म्हणून, असे उत्तर आले. मग ते म्हणाले : आम्ही मूर्तिपूजक होतो तेव्हाही यांना पाहुणचार किंवा विकत याखेरीज एक खजूर मिळत नव्हता, आता कशाला द्यायचा? प्रेषितांनी त्यांचे मत मानले. इब्न हिशाम सांगतात की कराराचा मसुदा लिहून तयार होता. साद यांनी तो हातात घेतला आणि मजकूर पुसून टाकला.

(पुढील लेखांक : हुदैबियाचा तह)